आधी जेवला का, ते विचारा

आपल्या कॉलेजातला समुपदेशन कक्ष कुठे आहे, ते एकदा नीट पाहून यावे. बहुधा तो प्राचार्यांच्या केबिनला लागून, नाहीतर परीक्षा विभागाच्या खिडकीसमोर सापडेल. दारावर ठसठशीत पाटी, आत एक टेबल, दोन खुर्च्या, आणि वेळ दुपारी बारा ते दोन, म्हणजे नेमकी प्रॅक्टिकलची. त्या दारातून आत शिरणारा मुलगा निम्म्या कॉलेजला दिसतो, म्हणून तो शिरतच नाही. मग वर्षअखेरीस अहवालात काहीतरी लिहायला हवे म्हणून ताणतणावावर एक व्याख्यान होते. एफवायची मुले सभागृहात आणून बसवली जातात, पाहुण्यांना शाल-श्रीफळ मिळते, फोटो नॅकच्या फायलीत लागतो. सगळीकडे असेच चालते असे नाही. मनापासून काम करणारे समुपदेशक मी पाहिले आहेत, आणि अशा खोलीत बसून तेही कंटाळलेले पाहिले आहेत.

कॉलेजातल्या मुलामुलींच्या आरोग्यावरची ही पुस्तिका त्या खोलीपासून सुरू होत नाही. पहिले प्रकरण मेसचे आहे, दुसरे झोपेचे, तिसरे स्वच्छतागृहांचे. नैराश्य हा शब्द बऱ्याच पानांनंतर येतो. काही वाचकांना हा क्रम उलटा वाटेल. मला तो बरोबर वाटला, म्हणून ही प्रस्तावना लिहायला मी होकार दिला.

मी मानसोपचाराचा जाणकार नव्हे. आयुष्य शिकवण्यात गेले आणि मध्ये काही वर्षे मुलांच्या वसतिगृहाचा रेक्टर होतो. रेक्टरच्या दारात येऊन ‘मला नैराश्य आले आहे’ असे कुणी म्हणत नाही. ‘सर, डोकं उठलंय’, ‘जेवण जात नाही’, ‘रात्री डोळाच लागत नाही’, ‘चार दिवस गावाकडे जाऊन येऊ का?’ अशी ती बोली असते. छातीत धडधडते म्हणून कार्डिओग्राम काढून आलेला मुलगा असतो, अहवाल साफ असतो आणि धडधड तशीच असते. दर सबमिशनच्या आधी पोट बिघडणारा असतो. मन आणि शरीर ही पुस्तकातली दोन प्रकरणे असतील, पण खोली क्रमांक अमुकमधल्या कॉटवर ती एकत्रच आडवी झालेली असतात.

महाराष्ट्राला हे ठाऊक नव्हते असे कुणी समजू नये. वार लावून जेवणारा विद्यार्थी ही आपल्याकडची जुनी ओळखीची व्यक्ती. सोमवार या घरी, मंगळवार त्या घरी. त्यात अन्न मिळे, पण मिंधेपणही पदरात पडे, आणि कोणाच्या पानावर कोण बसणार हे जात ठरवी. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले आणि पुढे एकेका समाजासाठी वसतिगृहे उभी राहत गेली. १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग आले. शाळेची फी माफ करून भागत नाही, शहरात आलेल्या पोराला डोक्यावर छप्पर आणि पुढ्यात ताट लागते, हा त्यामागचा साधा हिशेब होता. साताऱ्यात भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये एक पाऊल पुढे टाकले. वेगवेगळ्या जातींची मुले एका छपराखाली राहू लागली, एकत्र रांधून एका पंगतीला जेवू लागली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्या मुलांच्या धान्यासाठी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही दिले, ही गोष्ट आपण भाषणांत इतक्या वेळा ऐकली आहे की तिच्यातले कोठार कसे रिकामे झाले होते ते दिसेनासे झाले आहे. पुण्यात डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५ मध्ये विद्यार्थी सहायक समिती सुरू केली. खेड्यातून आलेल्या हुशार आणि गरीब मुलांना राहायला जागा, जेवण, आणि त्याबरोबर कामाची सवय, अशी ती रचना. यांपैकी कुणीही ‘मानसिक आरोग्य’ म्हटले नाही. पण मूल जेवले का, आजारी आहे का, गप्प गप्प का आहे, हे पाहणारे एक माणूस त्या प्रत्येक ठिकाणी होते.

आज ते माणूस कमी झाले आणि त्याच्या जागी खात्यात जमा होणारी रक्कम आली. रकमेला माझा विरोध नाही. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीच्या स्वाधार योजनेने किती घरांतली मुले शहरात टिकून राहिली, ते मी पाहिले आहे. पण त्या योजनेचे गणित करून बघा. मुंबई-पुण्यासारख्या शहरासाठी वर्षाचे ६०,००० रुपये ठरले, त्यातले ३२,००० भोजनाचे. बारा महिन्यांत वाटले तर महिन्याला २,७०० सुद्धा होत नाहीत. दोन वेळच्या मेसला यापेक्षा जास्त लागतात हे पुण्यातला कुठलाही मेसवाला सांगेल. शिवाय हप्ता येतो तेव्हा येतो. तोवर मेसचे कार्ड थांबते आणि एका डब्यात दोघे जेवतात. रात्रीचा डबा बंद करून वडापाववर भागवणे ही इतकी रुळलेली गोष्ट आहे की मुले तिची तक्रारही करत नाहीत. २०१८ मध्ये आदिवासी विकास विभागाने शहरांतल्या वसतिगृहांची मेस बंद करून जेवणाचे पैसे थेट खात्यात द्यायचे ठरवले, तेव्हा जुलैत आदिवासी मुलेमुली पुण्याहून नाशिकला पायी निघाली. त्यांचे म्हणणे साधे होते. आम्हाला पैसे नकोत, मेस हवी. पैसे घरच्या आजारपणात जातात, धाकट्या भावाच्या वह्यांत जातात, जेवणात जात नाहीत. मला हा मोर्चा विद्यार्थी-आरोग्याच्या इतिहासातली महत्त्वाची घटना वाटतो. आरोग्याच्या बातम्यांत मात्र तो कधी मोजला गेला नाही.

पोट भरले तरी अंगी लागते का, हा पुढचा प्रश्न. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे मुलींच्या वसतिगृहात आपण ज्यांना आळशी, नाजूक, लक्ष नसलेली म्हणतो, त्यांच्यातल्या कितीजणींचे हिमोग्लोबिनच कमी असेल. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ब१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेवर वर्षानुवर्षे काम केले. आपल्याकडे, त्यातही शाकाहारी लोकांत, ती किती पसरली आहे हे त्यातून समोर आले. ही कमतरता थकवा आणते, विसराळूपणा आणते, हातापायांना मुंग्या आणते, उदासीही आणते. थायरॉइडचेही तसेच. उदास दिसणाऱ्या प्रत्येक मुलीला गोळ्या देऊन भागेल असे मी म्हणत नाही, कुणी म्हणूही नये. पण समुपदेशकाकडे पाठवलेल्या मुलीचे रक्त कुणी तपासलेच नाही, असे होता कामा नये. पुस्तिकेतल्या डॉक्टरांनी हा मुद्दा दोन पानांत आटोपला आहे. मी त्यांच्या जागी असतो तर दहा पाने घेतली असती.

स्वच्छतागृहांचे प्रकरण वाचताना प्राध्यापक मंडळी थोडी अवघडतील. अवघडावे. कॉलेजातले स्वच्छतागृह घाण असते, कडी नसते, पाणी नसते, म्हणून मुली सकाळपासून पाणी पीत नाहीत. डोकेदुखी आणि मूत्रमार्गाचा संसर्ग ही त्याची पुढची पायरी, आणि पाळीच्या दिवसांत गैरहजेरी ही त्याच्या पुढची. मग ७५ टक्के हजेरी भरत नाही म्हणून डिफॉल्टर यादीत नाव, मग घरी पत्र, मग ‘टेन्शन’. एका तुटलेल्या कडीपासून सुरू झालेली साखळी समुपदेशकाच्या दारात संपते, आणि समुपदेशक तिला दीर्घ श्वास घ्यायला शिकवतो.

खेळाचेही थोडे बोलतो. कॉलेजांना मैदाने आहेत. त्यांच्यावर नवरात्रात गरबा होतो, उन्हाळ्यात लग्ने होतात, एरवी चारचाकी उभ्या राहतात. जिमखान्याला कुलूप लागते पाच वाजता, आणि मुलींच्या वसतिगृहाचे फाटक बंद होते सात-साडेसातला, म्हणजे प्रॅक्टिकल आटोपून मुलगी मोकळी होते तेव्हा तिला धावायला दोन्हीकडे जागा नसते. पुण्यात पोलीस भरतीची तयारी करणारी मुले पहाटे टेकड्यांवर धावताना दिसतात. त्यांच्या गरिबीत आणि अनिश्चिततेत काही कमी नाही, पण त्यांची झोप शाबूत असते. अभ्यासिकेत चोवीस तास बसणाऱ्यांशी ताडून पाहावे. या वयात मुळातच झोपेचे घड्याळ थोडे उशिरा चालते, त्यात मोबाइल, त्यात परीक्षेच्या आदल्या रात्री ‘नाइट मारण्या’चा अभिमान. झोपेविना पाठ केलेले सकाळी डोक्यात राहत नाही, हे आपण शिक्षकांनीच त्यांना सांगायला हवे होते. आपण उलट रात्री जागून पहिल्या आलेल्यांचे सत्कार केले.

आता मनाच्या आजारांकडे येतो, कारण वरचे सगळे सुधारले तरी ते राहणारच आहेत. आयुष्यात ज्यांना मानसिक आजार होतो, त्यांच्यातल्या जवळपास तीन-चतुर्थांश जणांना तो वयाच्या चोविशीच्या आत सुरू झालेला असतो. म्हणजे डॉक्टरच्या आधी तो शिक्षकाला दिसतो, रूममेटला दिसतो, मेसच्या काकांना दिसतो. स्किझोफ्रेनियासारख्या आजाराची पहिली चाहूल बऱ्याचदा याच वयात लागते, आणि आपण तिला मस्ती, व्यसन किंवा प्रेमभंग अशी नावे देऊन सहा महिने घालवतो. या आजारात ते सहा महिने फार महाग पडतात. बंगळूरच्या निम्हान्सने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात आजारागणिक ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचत नाहीत असे दिसले. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे. त्यांतल्या १,७६४ महाराष्ट्रातल्या, कोणत्याही राज्यापेक्षा जास्त. या आकड्यांत शाळकरी मुलेही आहेत. प्रत्येक मृत्यूमागे एकच कारण शोधण्याची आपली सवय मात्र चुकीची आहे. नापास झाला म्हणून, मुलीने नकार दिला म्हणून, असे वर्तमानपत्रांत एका ओळीत छापून येते. मनाचा आजार, पैशांची ओढाताण, अपमान, एकटेपणा, असे बरेच काही एकत्र साचलेले असते आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टींवर वेळेत उपाय करता येतो.

या पुस्तिकेतली सर्वांत उपयोगी पाने मला विचारपुशीची वाटली. एखादा मुलगा सामान वाटून टाकू लागला, निरोपाची भाषा बोलू लागला, किंवा अनेक दिवसांच्या घालमेलीनंतर एकाएकी शांत झाला, तर त्याला सरळ विचारावे, ‘जीव नकोसा वाटतो का? स्वतःला काही करून घ्यायचं मनात येतं का?’ असे विचारल्याने तो विचार डोक्यात भरवला जातो, ही भीती निराधार आहे. विचारल्याने बहुतेकांना सुटल्यासारखे वाटते. मग त्याला एकटे सोडायचे नाही, उपदेश करायचा नाही, ‘आईवडिलांचा विचार कर’ म्हणायचे नाही, आणि त्याच दिवशी डॉक्टरपर्यंत न्यायचे. रात्री-अपरात्री केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ क्रमांकावर मोफत मिळते, मराठीतही. २०२२ पासून ती चालू आहे, तरी वसतिगृहाच्या नोटीस बोर्डावर हा क्रमांक मला फार कमी ठिकाणी दिसला. तिथे फी भरण्याची मुदत असते.

रेक्टर आणि प्राचार्य अशा वेळी कचरतात ते पोलिसांच्या धास्तीने. ती धास्ती जुन्या कायद्याची आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे धरूनच चालायचे असते, आणि तिची काळजी घेणे, उपचार देणे ही सरकारची जबाबदारी ठरते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि जुन्या कलम ३०९ खालचा सरसकट गुन्हाही उरला नाही. त्याच २०१७ च्या कायद्याने उपचाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे. सज्ञान मुलाने ‘घरी सांगू नका, सर’ म्हटले, तर ते ऐकावे लागते. जिवाला धोका असेल तिथे अपवाद करावा लागतो, आणि तो त्याला सांगून करावा.

सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये या विषयात दोनदा लक्ष घातले. मार्चमध्ये निवृत्त न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृती दल नेमले, आणि जुलैत दुसऱ्या एका प्रकरणात शिक्षणसंस्थांना बंधनकारक असे पंधरा निर्देश दिले. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, सगळ्या कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण, मदतीचे क्रमांक ठळकपणे लावणे, असे ते आहेत. ‘सगळ्या कर्मचाऱ्यांना’ याचा अर्थ प्राध्यापकांना एवढाच लावला तर निर्देश वाया जातील. वॉचमन, ग्रंथालयातले शिपाई, मेसमधल्या मावशी यांना मुले जितकी कळतात तितकी विभागप्रमुखांना कळत नाहीत. पाच दिवस ताट तसेच परत गेले हे मावशींनाच दिसते. त्यांनी ते कुणाला सांगायचे, एवढे ठरलेले हवे.

पण मुलांना ‘कणखर’ करण्याच्या उत्साहात एक गोष्ट झाकली जाते. पुष्कळ ताण आपण तयार केलेला असतो. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिकांची तपासणी एकदम संगणकावर नेली. निकाल महिनोन्‌महिने रखडले, पुढचे प्रवेश हुकले, शेवटी कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. त्या उन्हाळ्यात विद्यापीठात ध्यानधारणेचे वर्ग घेऊन काय झाले असते? महाडीबीटीवर महिनोन्‌महिने अडकलेली शिष्यवृत्ती, तिच्याअभावी अडवलेले हॉल तिकीट, जर्नलवर सहीसाठी आठवडाभर घातलेले हेलपाटे, शेवटच्या क्षणी बदललेले वेळापत्रक, ही सगळी कारणे ज्या कचेरीत तयार होतात तिथेच दूर होऊ शकतात. वर्गात नाव उच्चारल्यावर आडनावावरून बदलणारी नजर, ‘कट-ऑफ किती होता रे तुझा?’ हा रॅगिंगच्या व्याख्येत सहज न बसणारा प्रश्न, गावाकडच्या बोलीवर होणारा हशा, यांवर मुलाने नव्हे, आपण काम करायचे असते. न्यायालयाच्या निर्देशांतही वंचित घटकांतल्या विद्यार्थ्यांशी संवेदनशीलतेने वागण्याचे प्रशिक्षण वेगळे नमूद करावे लागले, यात काय ते आले.

दुसऱ्यांवर उपचार करायला शिकणाऱ्यांची अवस्था तर आणखी विचित्र. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने २०२४ मध्ये अहवाल दिला, त्यात निवासी डॉक्टरांना आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त काम नसावे, आठवड्यातून एक दिवस सुट्टी असावी आणि सात-आठ तास झोप मिळावी, अशी शिफारस आहे. ७४ तास ही कमाल मर्यादा म्हणून सुचवावी लागते, यावरून प्रत्यक्षात काय चालते ते उमगते. सिव्हिलमधल्या कुठल्याही रेसिडेंटला विचारा, तो हसेल.

पुस्तिकेत एक उणीव राहिली आहे आणि ती मी संपादकांना सांगितली आहे. उपचारासाठी घरी गेलेला विद्यार्थी परत येतो, त्यानंतरचे काही यात नाही. त्याची हजेरी कशी धरायची, टर्म वाया जाऊ न देता परीक्षा कशी घ्यायची, वसतिगृहातली जागा राखायची की नाही, रूममेटना किती सांगायचे. २०१६ च्या अपंगत्व हक्क कायद्यात मानसिक आजार आणि अध्ययन अक्षमता दोन्ही येतात, त्यामुळे परीक्षेतल्या काही सवलती हक्काने मिळू शकतात. पण परीक्षा विभागातल्या कारकुनाला हे माहीत नसते आणि मुलाला मागायची लाज वाटते. कुणी विद्यार्थी दगावला तर पुढच्या आठवड्यात त्याच्या वर्गात, त्याच्या मजल्यावर काय करायचे, अफवा कशा थांबवायच्या, त्याच्या जवळच्या मित्रांवर कुणी लक्ष ठेवायचे, यावरही चार पाने हवीत. पुढच्या आवृत्तीत ती येतील असे त्यांनी कबूल केले आहे.

राहिला पैशांचा प्रश्न, कारण प्राचार्य इथे पोचले की ‘तरतूद नाही’ म्हणतात. त्यांनी आपल्याच कॉलेजची शुल्काची पावती काढून पाहावी. जिमखाना, वैद्यकीय तपासणी, विद्यार्थी कल्याण अशा नावांनी रक्कम दरवर्षी प्रत्येकाकडून घेतलेली दिसेल. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ नुसार प्रत्येक महाविद्यालयात विकास समिती असते आणि तिच्यात विद्यार्थी परिषदेच्या प्रतिनिधींना जागा आहे. ही पुस्तिका वाचून ज्या विद्यार्थ्याला काही करावेसे वाटेल, त्याने त्या समितीच्या पुढच्या बैठकीत गेल्या तीन वर्षांत या तीन रकान्यांत किती जमा झाले आणि कशावर खर्च झाले, याचा लेखी हिशेब मागावा. हिशेब आला की वैद्यकीय तपासणीच्या पैशांतून हिमोग्लोबिन, जिमखान्याच्या पैशांतून संध्याकाळचा दिवा आणि कल्याणच्या पैशांतून अडलेल्यांचा मेसचा महिना, एवढी मागणी करायला समुपदेशक नेमेपर्यंत थांबायची गरज नाही.